शेततळ्यावरचा निळ्या झाकणाचा कॅन

मित्रांनो, मी एक जुना, दहा लिटरचा तेलाचा कॅन आहे. अंग पांढरे, झाकण निळे. आता उन्हाने पिवळा पडलो आहे. तुम्हाला हसू येईल, पण मला पाण्याची फार भीती वाटते. आणि माझा मुक्काम भोकर तालुक्यातल्या एका शेततळ्याच्या काठावर आहे.

कारखान्यात गरम प्लॅस्टिक फुगवून मला घडवले. सोयाबीनचे तेल भरून मी धर्माबादच्या बाजारात आलो, तिथून एका खेड्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात. तेल संपल्यावर खिचडी शिजवणाऱ्या पारूबाईंनी मला गरम पाण्याने धुतले आणि म्हणाल्या, "चांगला हाय, फेकू नका." मी सुखावलो. दुसऱ्याच दिवशी विज्ञानाच्या लुंबिनी मॅडमनी मला मागून घेतले.

त्यांनी वर्गाला शाळेच्या हौदापाशी नेले. माझे झाकण घट्ट लावले आणि आठवीतल्या ऋतुजाला मला पाण्यात दाबायला सांगितले. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. मी पूर्ण बुडालो. अंगाला चारी बाजूंनी पाणी आवळत होते, तळाला तर सर्वांत जास्त. मी घाबरलो. तिने हात सोडताच मी उसळून वर आलो.

"कोण ढकलून राहिलं होतं याला?" मॅडमनी विचारले.

"पाणी, मॅडम."

"बरोबर. जितकं खोल, तितका दाब जास्त. तळाला जास्त, वरच्या अंगाला कमी. म्हणून पाणी त्याला वर लोटतं. याला प्लावक बल म्हणायचं."

"मंग झाकण उघडं ऱ्हायलं तं?" ऋतुजाने विचारले.

मॅडमनी झाकण काढून मला आडवे दाबले. पाणी गुडगुडत तोंडात शिरले. हवा निघून गेली आणि मी हौदाच्या तळाशी जाऊन बसलो. तिथल्या अंधारात मला वाटले, संपले सगळे.

बाहेर काढल्यावर मॅडम म्हणाल्या, "ऋतुजा, हा घरी ने. वर, मधी आन् खाली अशी तीन छिद्रं पाडून आण. कुठून पाणी लांब उडतं ते उद्या बघू."

छिद्रं! दुपारभर मी छिद्रे पाडणाऱ्या तापलेल्या सळईचाच विचार करत होतो.

शाळा सुटल्यावर ऋतुजा मला घेऊन शेताच्या वाटेने निघाली. सोबत धाकटी बहीण सृष्टी होती. शेततळ्याच्या बांधावर लोखंडी खांबाला त्यांची कालवड बांधलेली होती. ऋतुजा तिला सोडायला वाकली. सृष्टी पायाचा चिखल धुवायला खाली उतरली. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ होते. तिचा पाय सरकला.

"ताई" एवढेच ऐकू आले.

वर यायला तिने हात टेकले, पण त्या निसरड्या उतारावर धरायला काहीच नव्हते. प्रत्येक धडपडीला ती आणखी आत जात होती. दोघींनाही पोहता येत नव्हते. ऋतुजाने एक पाऊल पुढे टाकले आणि ती तिथेच थिजली. मग तिची नजर माझ्यावर पडली.

कालवडीच्या गळ्यातले दावे तिने सोडले. त्याचे दुसरे टोक खांबालाच होते. मोकळे टोक माझ्या वरच्या मुठीला बांधले आणि मला फेकले. मी रिकामा, हलका. वाऱ्याने मला भलतीकडेच नेले. तिने मला ओढून घेतले, वजन यावे म्हणून ओंजळभर पाणी आत ओतले. मला एकच भीती होती, ही घाईत झाकण विसरली तर मी त्या पोरीला घेऊनच तळाला जाईन.

तिने झाकण फिरवले. पुन्हा एकदा आवळले. मग फेकले.

मी सृष्टीच्या पुढे हातभर पडलो. तिचे डोके पाण्याखाली गेले होते. फक्त बोटे दिसत होती. ती बोटे माझ्या अंगावरून घसरली. मग पुन्हा आली आणि मुठीत अडकली.

"कवटाळून धर, सृष्टे. सोडू नको."

तिच्या वजनाने मी अर्धाअधिक बुडालो. पण खालून पाणी लोटत राहिले आणि तिचे तोंड वर राहिले. ऋतुजाच्या हाका ऐकून शेजारच्या शेतातले शिवशंकरकाका धावत आले. त्यांनी दावे ओढून तिला काठाला घेतले. सृष्टी खोकली, मग रडली. मग काका ऋतुजाकडे वळले.

"तू उतरली असतीस तं दोघीबी गेल्या असत्या," ते म्हणाले.

"मी भ्याले, काका. पायच हालले न्हाईत."

"बरं झालं भ्यालीस."

मला छिद्रे पडली नाहीत. त्या प्रयोगासाठी मॅडमनी एक बाटली घेतली. काकांनी मला लांब दोरीसह या खांबाला टांगले. सुरुवातीला येणारे-जाणारे मला हात लावून बघायचे. आता कुणी बघत नाही. ऊन मला कडक करते आहे. कधी तडा जाईल, मला कळणार नाही, आणि भेगाळलेला कॅन लांबून धडच दिसतो.

म्हणून मित्रांनो, एकट्याने शेततळ्यात उतरू नका. कुणी पडले तर त्याच्यामागे उडी टाकू नका, आधी मोठ्यांना हाक मारा आणि काहीतरी तरंगणारे फेका. दर महिन्याला माझे झाकण आणि दोरी तपासा. मी निकामी झालो तर खुशाल भंगारात द्या, मला राग येणार नाही. पण हा खांब एक दिवससुद्धा रिकामा ठेवू नका.