फक्कीची खोली

"काका, हे घर हवेत तरंगतंय का?" बांधकाम परवानगीच्या खिडकीमागच्या कारकुनानं नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "वरचा मजला आहे, खालचा मजला आहे आणि जिनाच नाही. वर जाता कसे? उडत?"

"जिना बाहेरून आहे," मिस्त्री म्हणाले. "सगळ्या जगाला दिसतो."

"जगाला दिसू दे. मला कागदावर दिसला पाहिजे."

मिस्त्रींना उभी हयात लोक ओळंबा म्हणत आले होते. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन जसं कोणाच्या भिडेखातर तसूभर कलत नाही, तसाच हा माणूस. मालकानं कितीही आग्रह केला तरी ओल्या भिंतीवर गिलावा करायचा नाही म्हणजे नाही. आता असल्या माणसाला कागदावर जिना काढून आणा म्हणून परत पाठवायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा.  पण ओळंब्यानं नकाशाची गुंडाळी केली, काखेत मारली आणि घरची वाट धरली. गरज होती ना, गरजेपुढे माणूस वाकायला शिकतो, निदान मानेपर्यंत तरी.

गरज वर खाटेवर बसली होती.

"काय म्हणाला?" बायकोनं विचारलं.

"जिना काढून आणा म्हणाला."

"घ्या! त्या मेल्या जिन्यापायी तर ही सगळी उठाठेव, आणि नेमके त्यालाच विसरलात?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

हसायला तिला काहीही पुरे. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात मागच्या हिवाळ्यात जिन्यावरून पाय घसरला, तेव्हापासून ती खाली म्हणून उतरली नव्हती. वरच्या खिडकीतून गल्ली दिसायची, पण कशी? "मला मेलीला माणसांची नुसती टाळकी दिसतात," ती म्हणायची. "गल्लीत कोणाला टक्कल पडतंय ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. चेहरा मात्र एकाचा दिसेल तर शपथ." तिला दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची भारी हौस. बोलणं हेच तिचं खाणंपिणं. वर बसून ती सुकत चालली होती, आणि हे मिस्त्रींना दिसत होतं.

म्हणून ही नवी खोली बांधायची होती. घरापुढच्या अंगणात, जमिनीलगत, एकच खोली. दोन खाटा, न्हाणी, आणि रस्त्याकडे तोंड करून एक रुंद दार.

आता घर होतं दुमजली, आणि ते मिस्त्रींनीच बांधलं होतं, तेही तरण्या वयात. वर स्वतःचा संसार आणि खाली धाकटा भाऊ. धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. लग्न केलंच नाही त्यानं. गिऱ्हाईक रस्त्यावरून येणार म्हणून खालचा मजला त्याला दिला, आणि अंगणाकडे तोंड करून एक मोठी खिडकी ठेवली. त्या खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून, धाकटा दिवसभर वाकलेला असे. वहिनीचं हसू वरून ऐकू आलं की खालून ओरडे, "वहिनी, हळू! इथं काटा उडाला माझा!"

जिना नकाशावर चढला. कागद आत गेला. मग पाहणीला माणूस येईल, असा निरोप मिळाला, आणि वाट बघणं सुरू झालं. वाट बघणं हे काम मिस्त्रींना जमत नसे. हात शिवशिवत. ठेकेदारांनी बोलावणं केव्हाच बंद केलं होतं, म्हाताऱ्याला परांचीवर चढवायचं म्हणजे जिवाला घोर. एके सकाळी ते बाजारातून नवी लाइनदोरी घेऊन आले, खुंट्या ठोकल्या, काटकोन लावला आणि पांढरी फक्की ओढून अंगणात खोली आखून टाकली. भिंती आखल्या, खाटांच्या जागा आखल्या. दारापुरती फट सोडली.

"आधी मंजुरी तरी येऊ दे की दादा," धाकटा खिडकीतून म्हणाला.

"फक्कीला कसली मंजुरी? जरा जास्तच जोरात फुंकलीस तर उडून जाईल."

त्या दिवशी मिस्त्री शीळ घालत होते. धाकट्यानं भिंग काढून भावाकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

पाहणीच्या दिवशी बायकोनं हट्टच धरला. "माझी खोली बघायला माणूस येणार आणि मी वरून त्याचं टाळकं बघू? मला खाली न्या." मग काय, दोघा भावांनी तिला खुर्चीत बसवलं आणि धापा टाकत, एकमेकांवर खेकसत, जिन्यावरून उतरवलं. खुर्ची फक्कीच्या चौकोनात, बरोबर मधोमध ठेवली. ती पदर सारखा करून अशी बसली, जणू घरभरणी झाली.

पाहणीला आल्या त्या मॅडम, वयानं अगदी पोरसवदा, हातात टेप आणि पाठीला पिशवी. फाटकातून आल्या त्या थेट रेघ ओलांडून आत.

"अगं बाई, भिंतीतून आलात!" बायको म्हणाली.

मॅडमनी खाली पाहिलं. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "परवानगीच्या आधीच काम सुरू केलंत?" पण पायानं रेघ जरा पुसून बघितल्यावर त्यांना हसू आवरेना. त्या मागे गेल्या, वळसा घातला आणि फटीतून आत आल्या. "येऊ का काकू?"

"या ना, बसा. अजून बसायला काही नाही, पण बसा."

मिस्त्रींच्या मनातून भीती पार गेली. ही पोरगी देणार मंजुरी, आज नाही तर उद्या. मॅडमनी मापं घेतली, नकाशाशी ताडून पाहिली. मग घराच्या भिंतीपाशी येऊन त्या थबकल्या.

"काका, ही खिडकी नकाशात नाही."

"ती कशाला काढायची?" मिस्त्री सहज म्हणाले. "ती तर बुजवायचीच आहे. नवी भिंत तिला टेकूनच येणार."

आता बघा, ही गवंड्याची खोड. त्याच्या डोळ्यांना भिंत आहे तशी कधी दिसतच नाही, होणार तशी दिसते. खिडकी काय, आज आहे, उद्या चार विटा. नकाशा काढणाऱ्यालाही त्यांनी तसंच सांगितलं होतं, की ती धरू नकोस, ती जाणारच.

"आतल्या खोलीला दुसरी खिडकी आहे?"

नव्हती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागेही भिंत. खिडकीच्या आत धाकटा उघडं घड्याळ हातात धरून तसाच उभा होता.

"मग कठीण आहे काका," मॅडम म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. "माणूस राहतो ती खोली अशी बंद करायला परवानगी नाही मिळत. गोदाम असेल तर गोष्ट वेगळी. गोदामाला खिडकी नसली तरी चालते."

"मग लिहा की गोदाम!" धाकटा आतून लगबगीनं म्हणाला. "माझी कसली राहायची खोली? घड्याळं ठेवायची जागा ती. मी आपला एका कोपऱ्यात पडून असतो. दिवा लावून काम करतात की लोक. लिहा, मी सही करतो."

मिस्त्रींनी भावाकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. बायको गल्लीतल्या माणसांकडे बघत बसलीय, ते चित्र इतके दिवस डोळ्यांपुढे होतं, आणि ते आता हाताशी आलं होतं. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"खबरदार कोणी सही केली तर," बायको म्हणाली. ती हसत नव्हती. "माणसाला गोदामात कोंडून मी दारात हवा खात बसू? घास उतरेल का मला? डोळे जातील त्याचे."

"वहिनी, तुम्ही ऐका तर..."

"अजिबात नाही."

 मॅडमनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, एकदा खिडकीकडे. आणि अगदी भाबडेपणानं विचारलं, "एक विचारू का? तुम्ही खाली-वर बदलून का नाही घेत? त्याला परवानगी लागत नाही."

त्याला परवानगी लागत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती ऐकून दोघं म्हातारे भाऊ खाली मान घालून उभे राहिले. चोरी पकडल्यासारखे.

शेवटी धाकटाच बोलला. "मी म्हणणार होतो हो. वहिनी पडल्या त्याच आठवड्यात म्हणणार होतो. वर उजेडही जास्त आहे. पण दादा म्हणाला, खोली बांधतो. मग नवी दोरी घेऊन आला. ती खोलताना त्याचं तोंड बघितलं आणि माझी जीभच उचलेना."

"आणि तुम्ही?" मॅडमनी मिस्त्रींना विचारलं.

"धाकट्याला दिलेलं घर परत मागू?" मिस्त्री म्हणाले. "जीभ झडली असती माझी."

मॅडमनी टेप गुंडाळला. अर्ज मागे घेतला तर नामंजुरीचा शिक्का बसणार नाही, एवढं सांगून त्या गेल्या. जाताना दारातूनच गेल्या. धाकटा आत जाऊन उगाचच घड्याळांना किल्ली देत बसला.

मिस्त्री फक्कीच्या भिंतीपाशी उकिडवे बसले.

"वाईट वाटलं?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"ओळंब्याला खोटं बोलता येत नाही, अहो."

मिस्त्रींनी एक खुंटी उपटली, हातातल्या हातात फिरवली. "या घराची एकेक वीट तू डोक्यावर वाहिलीस," ते म्हणाले. "हेच घर कशाला? दुसऱ्यांची किती बांधली, सगळीकडे तू खाली, मी वर. घमेली चढवून चढवून हे गुडघे गेले तुझे, जिन्यानं नाही गेले. मला आपली एक खोली अशी बांधायची होती, की तीत तू एक वीट उचलली नाहीस. तू नुसतं खुर्चीत बसून बघायचं. तेवढंच राहिलं होतं गं."

 पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "बघितली की मी. सकाळपासून बसून बघतेच आहे."

कार्यालयात कारकुनानं विचारलं, "एवढा जिना चढवला कागदावर, आणि आता मागे घेता? कारण काय लिहू?"

"काम झालं, असं लिहा," मिस्त्री म्हणाले.

सामान खाली-वर हलवायला फारसा वेळ लागला नाही. धाकट्याचं कितीसं असणार? एक खाट, एक मेज आणि टिकटिकणारी खोकी. शेवटी वरून बायकोसकट खुर्ची उचलायची पाळी आली. जिना उतरून दोघे सरळ खालच्या दाराकडे निघाले तशी ती ओरडली, "अहो, भिंतीतून काय नेता? दारातून न्या!"

फक्की फिकी झाली होती, दोन ठिकाणी कोंबड्यांनी उकरलीही होती. पण फट होती तिथंच होती. खुर्ची घेऊन दोघांनी वळसा घातला. चौकोनाच्या मधोमध आल्यावर मिस्त्री म्हणाले, "टेकव जरा."

"दमलास दादा?"

"टेकव म्हटलं ना."

खुर्ची टेकवली. मिस्त्रींनी चारही बाजूंना पाहिलं. "कशी आहे?" त्यांनी बायकोला विचारलं.

तिनंही चारही बाजूंना पाहिलं, सावकाश, नव्या घरात बघावं तसं.

"ऐसपैस आहे," ती म्हणाली. "आणि हवेशीर."

धाकट्याला हसू फुटलं, मग तिला, मग मिस्त्रींनाही हसावंच लागलं. तिघांनी हसून घेतलं, आणि दोघांनी खुर्ची पुन्हा उचलली.

आता ती खालच्या दारात बसते. माणसांचे चेहरे दिसतात. कोण वाळलं, कोण सुजलं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळी खबर तिच्यापाशी. घड्याळाचं गिऱ्हाईकही आधी तिच्याकडेच येतं. तिच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय त्याची सुटका नाही. मग ती वर तोंड करून हाक मारते, "भावजी, सोडा!" आणि वरच्या खिडकीतून धाकटा टोपली खाली सोडतो. टोपलीत घड्याळ ठेवायचं की तो वर ओढून घेतो.

टोपलीला बांधलेली दोरी म्हणजे ती नवी लाइनदोरी. मिस्त्रींनीच दिली. मला आता कशाला लागतेय, म्हणाले.

एकदा असंच, टोपलीत जडसं गजराचं घड्याळ होतं. धाकट्याचा हात मध्येच थांबला, वरचं एखादं घड्याळ वाजलं असावं. टोपली अधांतरी राहिली, झुलता झुलता स्थिर झाली आणि दोरी वरपासून खालपर्यंत ताठ उभी राहिली. मिस्त्री बायकोशेजारी पायरीवर बसले होते. त्यांनी एक डोळा मिटला, मान जराशी कलती केली आणि ती दोरी घराच्या भिंतीशी लावून पाहिली.

"सरळ आहे?" बायकोनं विचारलं.

"सरळ आहे," ते म्हणाले.