कमरेला बांधलेली ऊब

मी लोकरीचा पट्टा बोलतोय. मोल्दोव्हातल्या एका खेड्यात आगाफियाबाईंनी मला घरच्या मेंढीच्या लोकरीतून विणलं, लेकीसाठी, झांफिरासाठी.

झांफिरा द्राक्षमळ्यात कामाला जायची. तिला लघवीला जळजळ व्हायची, घडीघडी जावं लागायचं. नवरा इग्नात चिडवायचा, "अगं, संडासापर्यंत पायवाट पाडलीस की!" तीही हसायची. आगाफियाबाई मात्र करवादायच्या, "सतरांदा सांगितलं, गार दगडावर टेकू नकोस. किडन्या गारठल्यात तुझ्या!" आमच्याकडे कमरेचं कुठलंही दुखणं गारठ्याच्याच माथी मारतात. झालं, मी कमरेला आलो आणि मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा पोटात जाऊ लागला.

मला भारी अभिमान वाटायचा. माझ्या उबेनं तिला बरं वाटायचं, दोन दिवस.

मग लघवीतून रक्त गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. तपासणीत पू होता, पण जंतू सापडेनात. त्यांनी झांफिराला विचारलं, "लहानपणी क्षय झाला होता का?"

"छे हो! आमच्या घराण्यात नाही कुणाला," आगाफियाबाईच फाडकन म्हणाल्या. जावई शेजारी बसला होता ना!

गोळ्या बदलत राहिल्या. तीन वर्षं गेली. शेवटी शहरात तीन दिवस पहाटेची लघवी तपासली, तेव्हा क्षयाचे जंतू सापडले. डावी किडनी पार निकामी झाली होती. उजवीची लघवीची नळी आक्रसून ती किडनी फुगली होती. औषधांनी क्षय गेला, पण किडन्या काही परत आल्या नाहीत. आता आठवड्यातून तीनदा झांफिराचं रक्त यंत्रावर शुद्ध करतात.

जंतू सापडले त्या दिवशी आगाफियाबाईंनी रडत रडत सगळं कबूल केलं. बाराव्या वर्षी पोर आठ महिने मावशीकडे आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण ती क्षयाच्या इस्पितळात होती. लग्न मोडेल म्हणून लपवलं.

इग्नात एवढंच म्हणाला, "आई, मी काय टाकून देणार होतो हिला?"

मी आता खुंटीवर असतो. मला खुशाल बांधा, ऊब द्यायला माझी ना नाही. पण डॉक्टरांनी काही विचारलं, तर ज्याचं दुखणं त्याला बोलू द्या हो. डॉक्टरीणबाईंनी क्षयाचं विचारलं, त्या दिवशी मी झांफिराच्या कमरेलाच होतो. प्रश्न ऐकून तिनं बोलायला श्वास घेतला होता, तो मला जाणवला होता. आई मध्येच बोलली, आणि झांफिरानं तो श्वास तसाच सोडून दिला.