तीन नादुरुस्त वस्तूंचा नियम

दुरुस्तीवाले मामा कुठल्याही नव्या वस्तूवर एकाच नियमाने विश्वास ठेवत. तशा तीन वस्तू बिघडून त्यांच्या टेबलावर आल्या, की समजायचं, लोक ती खरंच वापरतात. तोवर सगळे नव्याचे नऊ दिवस.

भाच्याने फरशी पुसणाऱ्या रोबोंची एजन्सी घ्यायचं मनात आणलं आणि मामींच्या निवृत्तीच्या पैशांसाठी शब्द टाकला. "मामा, हा धंदा दरवर्षी दुप्पट होतोय. महिनाभर विचार करा, शेवटच्या शनिवारी सहापर्यंत काय ते सांगा."

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणून मामी मोकळ्या झाल्या. अडकले ते मामा.

महिनाभर ते टेबलाकडे डोळे लावून बसले. मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, रोबो एकही आला नाही. कुणी वापरत नाही, की बिघडतच नाही? मामांचं डोकं चालेना.

शनिवारी दुपारी ते जुनी तार बघायला भंगारवाल्याकडे गेले, तर कोपऱ्यात अकरा रोबो एकावर एक रचलेले. मामांनी एकेक उलटून पाहिला. ब्रश पार झिजलेले, चाकांत केस गुंतलेले. म्हणजे वापर दणकून झाला होता.

"यांचे चार्जर कुठायत?"

"चार्जर कुणीच देत नाही. नव्याला चालत असतील."

मामांची कळी खुलली. लोक दुरुस्तीच्या फंदात न पडता सरळ दुसरा घेतात, मग आणखी काय हवं? घरी येताच त्यांनी मामींना सगळं सांगितलं.

मामींनी स्वयंपाकघरातला खालचा खण ओढला. आत चार्जरच चार्जर. ते ज्या वस्तूंचे होते, त्यांतल्या एकीचाही घरात पत्ता नव्हता. म्हणजे चार्जर ठेवून घेतला, म्हणून कुणी नवा घेतोच असं नव्हतं.

सहाला फोन वाजला. तीस वर्षं 'हे चालेल, हे फेका' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला आता बोलायची लाज वाटत होती.

"अरे, मला खरंच काही कळत नाहीये."



"मामा, मलाही कळत नाहीये," भाचा हळूच म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही महिनाभर नाही म्हणाला नाहीत, म्हटलं तुम्हाला पटलंय. कालच नोकरीचा राजीनामा दिला."

मामी समोर उभ्या राहून खुणेने विचारत होत्या, काय म्हणतोय? त्यांना काय सांगावं, तेही मामांना कळेना.