पूरक आहार मागणारी देवी

मंगळवार उजाडला की रावजी भगताच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नसे. कडेवर पोर, हातात ताट, ताटात वरणभात आणि उकडलेलं अंडं, अशा बायका टेकाड चढून यायच्या. बोर्लीच्या बाजारात नुसता भाव विचारून परतणाऱ्या घरांतूनही रावजीसाठी अंडं निघत असे. चमत्कारच तसा होता. रावजी माजघरात देवीपाशी जायचा, कडी लावायचा आणि बाहेर येऊन नावानिशी सांगायचा, कुणाला कितवा महिना लागला, कुणाचं पोर केवढं झालं.

त्या दिवशी गर्दीत आरोग्य उपकेंद्राची नवी नर्स तेजस्वीही उभी होती. सगुणाच्या ऋत्विकनं तिचा जीव टांगणीला लावला होता. पोर नऊ महिन्यांचं, पण हातापायाच्या काड्या. असंच चाललं तर एखाद्या जुलाबात ते हातचं जाईल, हे तिला दिसत होतं.

कडी वाजली. रावजी घुमतच बाहेर आला.

"सगुणे, तुज्या पोराला नववा पुरा झाला. आई म्हनते, पूरक आहार द्या. दाट वरणभात, अर्धं अंडं, हिरव्या पालेभाज्या, चमचाभर तेल."

"देते ना बुवा."

"पोराला न्हाय. त्याच्या अंगात बसलीय ती बया खाईल. माज्या पायाशी ठेव, मी उतरवतो. पोराला अंगाऱ्याचं पानी पाज."

तेजस्वीनं कान टवकारले. देवीनं कोंबडं मागावं, खणनारळ मागावा. पण पूरक आहार? असलं सरकारी मराठी देवी कुठल्या प्रशिक्षणात शिकली? आणि दाट वरणभात, अर्धं अंडं, चमचाभर तेल हे तर तिला तोंडपाठ होतं. नाव नोंदवलेल्या प्रत्येक आईला मंगळवारी सकाळी मोबाइलवर आरोग्य खात्याचा आपोआप फोन येतो, त्यातलेच हे शब्द.

तिनं सगुणाला बाजूला घेतलं. "तुला आरोग्याचा फोन येतो ना गं?"

"कुठं काय ताई. येनार म्हनले व्हते. इसरले असतील."

"नंबर कुणाचा दिलायस?"

"बुवांचा. समद्यांनी त्येंचाच दिलाय. खाली वाडीत रेंज न्हाय, नि घरातला फोन धनी कामाला जाताना उरणला नेतात. कुनाचा फोन आला की बुवा वरनं हाळी देतात."

वाडीची ती रीतच होती. बँक असो, गॅस असो, मुंबईचा पाहुणा असो, नंबर रावजीचा. बाकी सगळ्या फोनांना तो इमानेइतबारे हाळी द्यायचा. एवढ्या एका फोनासाठी मात्र त्यानं कडी लावली होती.

तेवढ्यात माजघरात घंटी वाजली. रावजी वळेपर्यंत तेजस्वी आत शिरली, देव्हाऱ्यामागचा फोन उचलून बाहेर आली आणि तिनं आवाज मोठा केला.

"नमस्कार जनीताई. तुमच्या बाळाला सात महिने पूर्ण झाले. त्याला पूरक आहार द्या..."

गर्दीतली जनी पोराला सावरत पुढे आली.

"ऐकलंत? ही देवी नाही, यंत्र आहे. फोन तुमचा आहे आणि अन्न पोराचं आहे," तेजस्वी म्हणाली.

सगुणाची सासू गोदू उठली. आता ही रावजीला फैलावर घेणार असं तेजस्वीला वाटलं. गोदूनं फोनला कुंकू लावलं आणि हात जोडले.

"आई गो, आज समद्यांशी बोललीस."

रावजीनं संधी सोडली नाही. "बगा, नर्सबाईच्या हातातबी बोलली. तिची मर्जी."

बायका पाया पडायला पुढे सरकल्या. सगुणा मात्र जागची हलली नाही.

"पन आत्ये, ती अंडं पोराला द्या म्हनली. बुवांना न्हाय." तिनं ताटाकडे हात नेला. गोदूनं तिचं मनगट धरलं.

"पोराला काय झालं तर माज्या लेकाला जबाब तू देशील?"

सगुणाचा हात खाली आला.

तेजस्वीनं नंबर बदलून स्वतःचा टाकला असता. पण निरोप घरी पोचवला, तरी चुलीवरचं भांडं गोदूच्याच हातात होतं. तेजस्वीला रडू फुटायला आलं. तरी ती बोलली, घसा फुटेस्तोवर बोलली.

"बायांनो, अंडं मिळालं नाही म्हणून देवी कधी वाळत नाही. लेकरू वाळतं. जिच्या नावानं फोन येतो तिच्या कानाला तो लावा, आणि पटत नसेल तर महिनाभर पोराला खाऊ घालून बघा. वजनकाट्याच्या अंगात कुणी येत नाही."

कुणी मान हलवली, कुणी पदर सावरला. आईच्या कडेवरून ऋत्विक ताटाकडे झेपावत होता. रावजी अंडं सोलत होता.