बहुधा

पाणबुड्याच्या सूटच्या चेनची पितळी कडी खांद्यापाशी अडकली होती आणि गुन्वोर ती ओढत होती, गारठलेल्या बोटांनी.

"अठ्ठावन्नाव्या वर्षी लोक गुडघे शेकत बसतात," आयलिफ म्हणाला. पाणबुड्यांच्या क्लबातला तिचा जोडीदार, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा.

"तू बस शेकत. आधी ही चेन ओढ."

त्यांच्या छोट्या बोटीखाली, सव्वीस मीटरांवर, 'हाव्दिस'. अकरा वर्षांपूर्वी बंदराच्या तोंडाशीच बुडालेली मासेमारी बोट. माणसं सगळी वाचली, गेलं ते गुन्वोरचं काम... इंजिन तिच्याकडे होतं. समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बहुधा तिनं उघडा ठेवला, असं चौकशीच्या कागदावर आलं. गावानं त्यातला 'बहुधा' तेवढा गाळला. पुढं कुठल्याच बोटीनं तिला घेतलं नाही. मासळीच्या कारखान्यात कॉड चिरताना कुणीतरी हटकून विचारायचं, "गुन्वोर, नळ बंद केलास ना गं?" — आणि हसायचं. हसण्यासारखं काही नव्हतं. पण रोज ऐकून ऐकून तिलाही कळेनासं झालं. मी केला होता बंद... केला होता ना?

पाणी हिरवं, मग काळं. ओठ बधिर झाले. इंजिनखोलीच्या दाराशी आयलिफ दोरी धरून थांबला. ती एकटी आत सरकली, गाळ ढवळू न देता. अंधारातही हातांना सगळं ठाऊक होतं — इथं पंप, इथं शिडी, इथं वाकायचं. व्हॉल्व्हवर पांढऱ्या समुद्रफुलांचा गुच्छ माजला होता. तिनं सुरीनं तो खरवडला. खाली चाक नव्हतंच. दांडाही गंजून गळालेला. उघडा की बंद, सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

या लोखंडाच्या तुकड्याला विचारायला मी दोन हिवाळे बुडी मारायला शिकले? — आणि तिला राग आला, कितीतरी वर्षांनी, स्वतःचा नव्हे.

वर आल्यावर, आधी चढलेल्या आयलिफनं तिला बोटीत ओढून घेतलं.

"उघडा की बंद?"

"गंजलाय. कळत नाही."

त्यानं तिच्या पाठीवरची टाकी उतरवून घेतली.

"मी बंद केला होता," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्यावरून."

दात वाजत होते, आवाज मात्र तिचाच होता. खात्री अशी अजूनही नव्हती... पण ती कुणीतरी आणून देईल म्हणून थांबायचं, ते संपलं होतं. तिनं किनाऱ्यावरच्या गावाकडे पाहिलं, नजर न वळवता, आणि कितीतरी वेळ पाहतच राहिली.