दहा टक्के वर

ताई दात घडवायची. दवाखान्यातून ठसे यायचे, त्यावरून ती चिनीमातीच्या कॅपा बनवायची, ब्रशच्या टोकाने थरावर थर चढवत. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये मान मोडून काम केल्यावर तिला कॅपा भाजायला स्वतःची भट्टी हवी होती. एक जुनी पण धडधाकट भट्टी चव्वेचाळीस हजारांना मिळत होती. विकणाऱ्याने शनिवारपर्यंतची मुदत दिली होती.

तेवढे पैसे आपल्याकडे आहेत, हे तिने हवेतून काढलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तिने धाकट्या भावाकडे चाळीस हजार दिले होते, शेअर बाजारात लावायला. मागच्याच आठवड्यात तो फोनवर म्हणाला होता, "ताई, दहा टक्के वर आहोत!" चाळीसचे दहा टक्के चार हजार. हिशेब सरळ होता.

शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून ती दुपारीच, बाजार बंद व्हायच्या आत, थेट त्याच्या घरी गेली. भावजय इस्त्री करत होती. धाकटा सोफ्यावर फोन घेऊन बसला होता.

"उद्या पैसे लागतील. चव्वेचाळीस."

"एवढे नाहीत गं," तो वर न बघताच म्हणाला.

"मग किती आहेत?"

"तू ना, एकदम दुकानदारासारखी विचारतेस. बाजारात रक्कम बघायची नसते, टक्के बघायचे असतात. पहिल्या महिन्यात पन्नास टक्के वर. मग चाळीस खाली. मग तीस वर. मग तीस खाली. कर बेरीज. दहा टक्के वर की नाही?"

"किती आहेत?"

त्याने अंगठा इकडून तिकडे फिरवला. ताईने सरळ फोन हातातून काढून घेतला. बत्तीस हजार सातशे साठ.

तिने इस्त्रीच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि वीजबिलाच्या मागे लिहायला सुरुवात केली. चाळीसचे झाले साठ. साठमधले चाळीस टक्के म्हणजे चोवीस गेले, उरले छत्तीस. छत्तीसवर तीस टक्के चढले, सेहेचाळीस हजार आठशे. त्यातले तीस टक्के पुन्हा बुडाले.

"दर वेळी टक्के वेगळ्या रकमेचे आहेत," ती म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं, पण तो चढलाच. "आणि तू त्यांची बेरीज करतोस? सात हजार बुडवलेस आणि मला फोन करून अभिनंदन करून घेतलंस?"

"सगळे असंच मोजतात, ताई."

"सगळे गेले खड्ड्यात! मी तुझ्या शब्दावर त्या माणसाला होकार दिला. एकेका कॅपेसाठी डोळे फोडून साठवलेले पैसे होते ते. बुडाले तर बुडाले, तू तसं सांगितलं असतंस, तर मी गिळलं असतं. तू मला मूर्ख समजलास."

"चिडतेस कशाला एवढी? पुढच्या महिन्यात..."

"आत्ता विक. माझ्यासमोर."

त्याने विकले. ताईला त्याची अजिबात दया आली नाही. तिला स्वतःचाही राग येत होता. मागच्या आठवड्यातल्या त्या फोननंतर ती लॅबभर पेढे वाटल्यासारखी सांगत फिरली होती.

इस्त्री बंद करून भावजय पुढे आली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि माझे दागिने मोडून दिलेले पैसे? ते किती आहेत?"

"तुझे तर बावीस टक्के..."

"टक्के नाही विचारले."

भावजयीने वीजबिल ओढून घेतलं, पेन्सिल त्याच्या हातात कोंबली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

शनिवारी भट्टी दुसऱ्या कुणीतरी उचलली. सोमवारी ताई पुन्हा त्याच लॅबमध्ये, त्याच स्टुलावर बसली. दुपारी धाकट्याचा फोन आला. तिने नाव बघितलं, फोन पालथा घातला आणि ब्रश पाण्यात बुडवला.