दोन गावांची घंटा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. गाईच्या गळ्यातली, पितळेची, लहानखुरी.

माझा जन्म आल्प्सच्या उंच डोंगरातल्या एका गावात झाला. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणात जायची, थंडीत गोठ्यात. मग शहरी माणसांना तिथल्या बर्फावरून घसरण्याचं वेड लागलं. पाय मोडून घ्यायला माणसं एवढ्या लांब येतात, हे मला तेव्हा कळलं! कुरणात माणसांना वर नेणाऱ्या पाळण्यांचे लोखंडी खांब उभे राहिले, गोठ्यांची हॉटेलं झाली. धन्याने शेवटची गाय विकली तेव्हा मला तिच्या गळ्यातून काढून खिळ्याला टांगलं. ती मुकी होऊन उतार उतरली, सारखी मागे वळून बघत होती. ते दुःख अजून जात नाही.

पुढे धन्याने मलाही गावातल्या दुकानात विकलं. छप्पन साली एका कुवेती व्यापाऱ्याने मला तिथून आणलं. कुवेत शहरातल्या बनेद अल-गार वस्तीतल्या घरात त्याच्या मुलांनी मला असं बडवलं, की बाईसाहेबांनी कंटाळून मला स्वयंपाक्याच्या हवाली केलं. हा उस्मान, रत्नागिरीकडचा. त्याच्या बायकोने, सफियाने, मला आपल्या शेळीच्या गळ्यात बांधलं.

तिथे रोज सकाळी मेंढपाळ गल्लीत हाक द्यायचा आणि घरोघरच्या शेळ्या वाळवंटात चरायला न्यायचा. संध्याकाळी जी ती आपापल्या दारी परतायची. बर्फ नव्हतं, गवतही बेताचंच. पण काम तेच! मी खुशीत वाजायचे. सफियाला मूलबाळ नव्हतं. माझा आवाज आला की ती दार उघडायची, "आलीस गो बाय?" शेळीला म्हणायची की मला, कोण जाणे.

पुढे जुनी मातीची घरं पाडायला लागले. उस्मानला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. शेळी शहराबाहेर, सुलैबियाकडच्या वाळवंटातल्या मेंढपाळाला द्यायची ठरली.

उस्मान माझी गाठ सोडू लागला. "घंटा तरी राहूंदे आपल्याकडं. आठवण."

माझा जीव टांगणीला लागला. पुन्हा खिळा!

सफियाने त्याचा हात धरला. "काडू नको. रोजचा आवाज गेला तर बिचकल ती. आपला काय, आपण रडून घेव."

आज मी इथे वाळूत आहे, तिच्याच गळ्यात. शेळी म्हातारी झालीय. तुमच्यापैकी कोणी शहरात जाणार असेल, तर तिसऱ्या मजल्यावरच्या सफियाला एवढं सांगा: संध्याकाळ झाली की आम्ही दोघी अजून घरी यायला निघतो. मेंढपाळ अडवतो, म्हणून पोचत नाही.